स्कोअर मोठ्याने सांगायचा

टेनिसचे आकडे ज्याने कुणी ठरवले, तो माझ्या हाती लागला असता तर मी त्याला मुलुंडच्या आमच्या कोर्टावर उभा करून विचारलं असतं, बाबा रे, सरळ एक, दोन, तीन म्हणायला तुझं काय जात होतं? पहिला पॉइंट मिळाला की पंधरा. दुसरा मिळाला की तीस. तिसऱ्याला पंचेचाळीस होतील म्हणून आपण तोंड उघडावं, तर चाळीस. शून्याला शून्य म्हणायचं नाही, लव्ह म्हणायचं. आणि सर्व्हिस करणाऱ्या बाईने प्रत्येक पॉइंटच्या आधी हे सगळं जाहीर करायचं, आपला आकडा पहिला, समोरच्यांचा मागून. मला हे पाठ व्हायला अख्खा पावसाळा गेला होता.

ताईला मात्र याच भानगडीत रस. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. भावजी भांडुपच्या एका कारखान्यात होते आणि त्यांच्या मुलुंडच्या कॉलनीत साहेबलोकांसाठी एक कोर्ट होतं. फळ्यावर लिहून लिहून ताईचा खांदा धरला, डॉक्टरांनी हात हलवत ठेवा म्हणून सांगितलं, तर ही बया पंजाबी ड्रेस घालून थेट त्या कोर्टावर जाऊन उभी राहिली. गिरणी कामगाराची पोर, कोकणातून आलेलं घर, आमच्यात बायकांनी फार तर झिम्मा खेळावा. पण तिचा खांदा सुटला, खेळ मात्र सुटला नाही. पुढे कारखाना बंद पडला, भावजी गेले, कॉलनी पाडून टॉवर उभे राहिले. बिल्डरने जाहिरातीत फोटो छापायला म्हणून कोर्ट तेवढं ठेवलं. ताईने त्याच टॉवरात घर घेतलं आणि आता तिथे ती एकटी राहते.

मी निवृत्त झाल्यावर तिने मला ओढलं. मग सी विंगमधल्या वहिनी आल्या, मग सातव्या मजल्यावरच्या गुजराती बेन. आम्हा तिघींना रॅकेट धरायला तिनेच शिकवलं, म्हणून बाकी दोघी तिला टीचर म्हणतात. शिकवतानाही ती गणिताचा तास घ्यायचीच. हा खेळ म्हणे फ्रान्समधल्या मठांच्या अंगणात सुरू झाला, तेव्हा रॅकेट नव्हतीच, तळहाताने बॉल मारायचे. इंग्रजांनी मागाहून हिरवळीवर जाळी लावली आणि तिथून तो जिमखान्यांमधून आपल्याकडे आला. पंधरा, तीस हे घड्याळाच्या काट्यावरून आलं असं काही जण म्हणतात, आणि पंचेचाळीस बोलायला लांबतं म्हणून चाळीस झालं. पण खरं कुणालाच माहीत नाही, असं सांगताना तिला फार मजा वाटायची. तिचा नियम एकच होता. स्कोअर तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा नाही, पलीकडच्या बाईला ऐकू जाईल असा खणखणीत सांगायचा. कुणी हरकत घेतली नाही तर तोच खरा.

वहिनींना ग्रुपवर फॉरवर्ड टाकायची खोड. टेनिसने हाडं मजबूत होतात, हृदय सुधारतं, तोल जात नाही, मेंदू तरुण राहतो, एकटेपणा जातो. रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलासोबत एक फायदा. मी थट्टा करायचे, वहिनी, नवरा सुधारतो असं कुठे आलं का बघा. पण खोटं कशाला बोला, माझी साखर आटोक्यात आली होती आणि जिना चढताना गुडघे कुरकुरायचे थांबले होते. आणि सकाळी बाहेर पडायला एक कारण होतं, ते वेगळंच.

गेल्या दिवाळीनंतर कधीतरी सुरुवात झाली असावी. ताई सर्व्हिसला उभी होती आणि तिने ‘थर्टी-फिफ्टीन’ म्हटलं. माझ्या हिशेबाने उलटं होतं, आमचे पंधरा आणि बेनच्या बाजूचे तीस. मी तिची पार्टनर होते, मला वाटलं माझंच चुकलं असेल. समोर बेननी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी बुटाची नाडी बांधायला घेतली आणि खेळ पुढे सुरू झाला. टीचरना चूक कोण म्हणणार? आपल्यात वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर चूक म्हणायची पद्धतच नाही. मागून काय वाटेल ते बोलू, तोंडावर मात्र हो ला हो.

आणि मागून बोललंच गेलं. एकदा मी लिफ्टची वाट बघत उभी होते, तर जिन्याच्या वळणावरून वहिनींचा आवाज आला. त्या बेनना सांगत होत्या की टीचर हल्ली पॉइंट ढापतात, या वयात असं करायला शोभतं का. माझं डोकंच फिरलं. मी लिफ्ट सोडून जिना चढले आणि त्यांना असं काही झापलं की वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं. माझ्या बहिणीने उभ्या आयुष्यात कुणाचा अर्धा मार्क ढापला नाही आणि तुमचे पॉइंट ढापेल होय, मारे फॉरवर्ड पाठवता, आधी स्वतःचं बघा, असं बरंच काही. वहिनी रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, तुम्ही स्वतः लक्ष ठेवून बघा, मग मला बोला.

ठेवलं लक्ष. त्या दिवसापासून मी बॉलकडे कमी आणि आकड्यांकडे जास्त बघत होते. ताईने तोंड उघडलं की मी बोटांवर पॉइंट मोजून बघायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचं आणि मी मनातल्या मनात वहिनींना शिव्या घालायचे. मग मध्येच एखादं चुकायचं. आणि एका सकाळी ते आमच्याच विरुद्ध चुकलं. आम्ही चाळीस-पंधराने पुढे होतो, एक पॉइंट मिळाला असता तर गेम आमचा. ताईने खणखणीत आवाजात ‘फिफ्टीन-फॉर्टी’ म्हटलं आणि सर्व्हिस टाकली. पुढचा पॉइंट गेला तशी बॉल जाळीपाशी ढकलून निमूटपणे जागा बदलायला निघाली. हातातला गेम तिने देऊन टाकला होता.

ढापणारी बाई स्वतःचं नुकसान कशाला करून घेईल? मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, वहिनींच्या नाकावर टिच्चून सांगायला हवं होतं. मी कोर्टाच्या कडेला गेले, पाणी प्यायले. देवा, ती ढापत असती तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. आमची आई शेवटी शेवटी आम्हाला ओळखत नव्हती. घाटकोपरच्या खोलीत बसून ती बाबांच्या पाळीची वेळ विचारायची, बाबा जाऊन जमाना झाला होता तरी. तिचं सगळं ताईनेच केलं होतं, मी नोकरीच्या नावाखाली येऊन जाऊन असायचे. त्या आजाराची सुरुवात कशी होते ते आमच्या घरात ताईएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

सांगायचं कुणाला? तिची मुलगी बंगळुरूला. ती वर्षभर मागे लागलेली, आई, एकटी राहू नकोस, ते घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. ताईने प्रत्येक वेळी ते हसण्यावारी नेलं होतं. मी एक शब्द बोलले असते तर पोरगी दुसऱ्या दिवशी विमानाने आली असती, आणि घर, कोर्ट, मैत्रिणी, सगळं एका फटक्यात गेलं असतं. तिथे पंधराव्या मजल्यावर बसून ताईने काय केलं असतं? न बोलावं तर गॅस आहे, रस्ता आहे, औषधं आहेत. मी रोज रात्री ठरवायचे की उद्या तिच्याशी बोलायचं आणि रोज सकाळी ती कोपऱ्यात असा काही फोरहँड मारायची की मी म्हणायचे, हिला काय धाड भरली आहे. हात इतका शाबूत, मग डोकं कसं जाईल? अडाणीपणा सगळा.

असं चालू असताना शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या बायकांशी रविवारी मॅच ठरली. एकच सेट, दोघींविरुद्ध दोघी, आणि आपल्याकडून कोण, तर ताई आणि मी. मी टाळायला बघितलं, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. ताईने एका वाक्यात उडवून लावलं. रविवारी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून अर्धी सोसायटी बसली होती. पंच वगैरे कुणी नव्हता, असल्या मॅचला कोण पंच आणतं. आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर ते आपण सांगायचं आणि स्कोअर सर्व्हिस करणारीने.

समोरच्या दोघी आमच्या मुलींच्या वयाच्या, कडक खेळणाऱ्या. तरी ताईने त्यांना घाम फोडला. आम्ही चार गेमवर आणि त्या पाचवर, अशी वेळ आली तेव्हा सर्व्हिस ताईची होती. हा गेम गेला तर मॅच गेली. मी जाळीपाशी उभी, पाठ ताईकडे, आणि प्रत्येक वेळी मागून तिचा आवाज येईपर्यंत मी खरा आकडा मनात घोकत होते. पंधरा-शून्य बरोबर. पंधरा-पंधरा बरोबर. तीस-पंधरा बरोबर. मग त्यांनी दोन पॉइंट सलग घेतले. आमचे तीस, त्यांचे चाळीस. आता आणखी एक त्यांना मिळाला की खेळ खलास.

मागून ताई म्हणाली, ‘फॉर्टी-थर्टी.’

समोरची बाई हसली. तिला वाटलं, चुकून उलटं निघालं तोंडातून. ती म्हणाली, आंटी, थर्टी-फॉर्टी. ताई शांतपणे म्हणाली, नाही, फॉर्टी-थर्टी. तशी त्या बाईचं हसू गेलं. ती जाळीपर्यंत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आंटी, मॅच पॉइंटला असं नका करू ना, प्लीज. खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. वहिनी मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. मी मागे वळले. ताई बेसलाइनवर उभी होती, हातात बॉल, आणि ती त्या बाईकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

‘तू सांग,’ ती म्हणाली.

एवढ्या माणसांत तिने मला विचारलं. मी फॉर्टी-थर्टी म्हटलं असतं तर आम्ही दोघी लबाड ठरलो असतो, पण तिचं गुपित झाकलं गेलं असतं. लोक चार दिवस बोलले असते, बस. पण तिच्या चेहऱ्यावर मला पाठीशी घाल असं काही नव्हतं. घाबरलेली होती ती. मी माझ्या ताईला कधीच घाबरलेलं बघितलं नव्हतं, आईला पोचवून आली तेव्हासुद्धा नाही.

‘ताई, चुकलं तुझं,’ मी म्हटलं. ‘थर्टी-फॉर्टी आहे.’

ताईने मान हलवली, समोरच्या बाईला सॉरी म्हणाली आणि नवा आकडा मोठ्याने सांगून सर्व्हिस टाकली. ती सर्व्हिस इतकी कोपऱ्यात पडली की त्या पोरीची रॅकेट पोचलीच नाही. दोन्हीकडे चाळीस-चाळीस झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढचे दोन पॉइंट त्यांनी घेतले आणि आम्ही हरलो, ते हरणं माझ्या डोक्यातही शिरलं नाही.

लोक चहा-सामोशाकडे गेले तेव्हा ताई कोर्टामागच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली होती. मी शेजारी बसले. काय बोलायचं ते मी महिनाभर घोकलं होतं. पण तीच आधी बोलली, आणि आईशी बोलायची तशी मालवणीत बोलली.

‘माका ठावक आसा गो.’

कधीपासून, मी विचारलं. ती म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून. मग मात्र माझा भडका उडाला. तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस, मी इथे झुरते आहे, झोप नाही मला, आणि तू खुशाल फोरहँड मारत बसली आहेस. मी रडत होते आणि भांडत होते, दोन्ही एकदम. तिने मला संपू दिलं.

‘रोज बोलत होते की,’ ती म्हणाली. ‘खणखणीत आवाजात बोलत होते. आकडा सांगायचा आणि तुम्हा तिघींच्या तोंडाकडे बघायचं. कुणी काही म्हटलं नाही की मी धरून चालायचे, आजचं बरोबर आलं. तिघी तिघी चूक कशा ऐकून घेतील? घरी जाऊन मस्तपैकी चहा करून प्यायचे. वाटायचं, अजून तितकं काही झालेलं नाही.’

आम्ही तिघी तिचा मान राखत होतो. वहिनी नाडी बांधत होत्या, बेन आकाशाकडे बघत होत्या, मी पाणी पीत होते. आणि ती आमच्या गप्प बसण्यावर आपलं डोकं तपासून घेत होती. मला त्या मानाची, त्या अदबीची अशी चीड आली की समोर कुणी असतं तर मी थोबाडीत दिली असती.

मग तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. यापुढे चुकलं की तिथल्या तिथे सांगायचं, चारचौघांत सांगायचं. ‘आणि ऐक, पुढे पुढे मला ते पटणार नाही. मी चिडेन. आई कशी अंगावर यायची आठवतं ना? तुला वाट्टेल ते बोलेन. तेव्हाही सांगायचं.’ मी हो म्हटलं. भांडायला काय, मी कधीही तयार, असंही म्हटलं, तेव्हा ती जराशी हसली.

त्यानंतरचं सगळं रीतसर झालं. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. लवकर लक्षात आलं हे बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि खेळ अजिबात सोडू नका असंही म्हणाले. मुलगी आली, रडली, सामान बांधायला निघाली. ताईने तिला कोर्टावर नेऊन बसवलं आणि तिच्यासमोर एक सेट खेळली. मध्ये ती चुकली तेव्हा बेन पलीकडून म्हणाल्या, टीचर, खोटं छे, म्हणजे त्यांच्या भाषेत चूक आहे. मुलीने ते बघितलं. आत्ता इथेच राहू दे, सहा महिन्यांनी परत बघू, एवढ्यावर मिटलं. ते सहा महिने आता संपत आले आहेत, त्यामुळे कोर्टावर आम्ही तिघी जपून जपून असतो. वहिनींना सगळ्यात जड गेलं. पहिल्यांदा चूक म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज फाटला आणि नंतर त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. आता फॉरवर्ड पाठवत नाहीत.

परवा सकाळी ताई सर्व्हिसला होती. तिने ‘थर्टी-ऑल’ म्हटलं, म्हणजे दोन्ही बाजूंचे तीस, आणि उजवीकडे उभी राहिली. प्रत्यक्षात आमचे पंधराच होते, आणि सर्व्हिसची बाजू दर पॉइंटला बदलते, तेव्हा तिने डावीकडून सर्व्हिस करायला हवी होती. मी चूक म्हटलं. ती म्हणाली, माझं बरोबर आहे. मी पुन्हा चूक म्हटलं, आकडा सांगितला. तशी तिने रॅकेट खाली केली आणि माझ्याकडे असं बघितलं की मागच्या बाकावरची पोरगी झाले मी.

‘मला गणित शिकवतेस?’ ती म्हणाली. ‘कायम माझ्यावर जळत आलीस तू. आईचं करायला नको होतं तुला, आणि आता माझ्या चुका काढायला पुढे.’

बेन आणि वहिनी जागच्या जागी खिळल्या. आईचं ते माझ्या वर्मी बसलं, कारण ते खरंच होतं. जाऊ दे, तीस तर तीस, एका पॉइंटने काय बिघडतं, असं ओठांवर आलं होतं. वहिनी तर डोळ्यांनी मला तेच सांगत होत्या. मी बेसलाइनपर्यंत चालत गेले, तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, ताई, चूक आहे. फिफ्टीन-थर्टी. ती मला बरंच काही बोलली, ते मी इथे लिहीत नाही. मी तेवढंच म्हणत राहिले. शेवटी ती डावीकडे जाऊन उभी राहिली, आकडा मात्र उच्चारला नाही.

सेट संपल्यावर ती एकटीच निघून गेली. दिवसभर फोन उचलला नाही. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती भाजी निवडत बसली होती, तिने मला आत घेतलं, पाणी दिलं. मग मेथीची जुडी बाजूला सारून माझ्याकडे बघत तिने विचारलं, ‘सकाळी भांडलंस ना गो माझ्याशी?’

मी हो म्हटलं.

‘कशावरून, ता काय माका आठवणा नाय,’ ताई म्हणाली. ‘पण बरा केलंस.’